उताराचं शहर : लेकीस पत्र

चि. सई हीस,
अनेक आशीर्वाद.

पाच जणांचा चमू घेऊन चार दिवसांसाठी छत्रपती संभाजीनगरला येणार, जुन्या नहरींचा, म्हणजे जमिनीखालून शहरात पाणी आणणाऱ्या भुयारी वाटांचा, अभ्यास करायचाय, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. बीबी का मकबऱ्यापासून करू नकोस, पाणचक्कीपासूनही नको. पहिल्या दिवशी सकाळी सातला विद्यापीठामागच्या डोंगरावर चढा. हनुमान टेकडी किंवा गोगाबाबा टेकडी, कुठलीही चालेल. दक्षिणेकडे तोंड करून तासभर बसा आणि कागदावर फक्त उतार काढा. इमारती काढू नका.

समोर दक्षिणेला सातारा गावामागची डोंगररांग दिसेल. तुम्ही बसलात ती उत्तरेची रांग. दोन्हींच्या मध्ये दहा-पंधरा किलोमीटर रुंदीची दरी आहे, काठ उंच असलेल्या परातीसारखी. पश्चिमेला सुमारे पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा एकटा सुळका. पूर्वेकडे मात्र काठ नाही. तिकडे दरी मोकळी होत जालन्याच्या बाजूला, दुधनेच्या खोऱ्याकडे पसरते. जटवाड्याच्या डोंगरात उगम पावणारी खाम नदी हर्सूलकडून येऊन जुन्या शहराच्या पश्चिम अंगानं उतरते आणि पुढे पैठणच्या नाथसागराकडे, म्हणजे जायकवाडी धरणाकडे, जाते. पूर्वेला चिकलठाण्याच्या बाजूनं सुखना नदी.

आता नीट बघ. जुनं शहर परातीच्या तळाशी वसलेलं नाही. ते उत्तरेच्या काठाला चिकटून, खामच्या बाजूच्या उतारावर आहे. बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, मकबरा, हिमायतबाग, दिल्ली दरवाजा हे सगळं डोंगराच्या पायथ्याशी. तुमच्या सगळ्या अभ्यासाचा धागा इथेच आहे. जुन्या शहराला पाणी वरून, आपल्या वजनानं उतरत आलं. नव्या शहराला ते खालून, विजेनं चढवून आणावं लागतं. दरवाजे, पुरे म्हणजे जुन्या वस्त्या, हौद, बंबे म्हणजे पाण्याचे मनोरे, आजचे टँकर, काहीही बघितलंत तरी वहीत आधी एवढं लिहा की पाणी तिथे कुठल्या बाजूनं आलं.

डोंगर उतरताना खडकाकडे लक्ष असू दे. इथला दगड म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट, एकावर एक आडवे थर. प्रत्येक थराचा खालचा आणि मधला भाग घट्ट काळा पाषाण असतो. वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा, पांढऱ्या खनिजांनी भरलेला, फोडायला मऊ. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. घट्ट पाषाणात पाणी शिरतं ते फक्त भेगांतून. मांजऱ्या, मुरूम आणि दोन थरांचा सांधा इथे ते साठतं आणि आडवं सरकतं. डोंगराच्या कुशीत जिथे हा सांधा उघडा पडतो तिथे झरा लागतो. म्हणून एका शेतात तीस फुटांवर पाणी लागतं आणि शेजारच्या शेतात तीनशे फुटांवरही बोअर कोरडं जातं. सहाव्या-सातव्या शतकातल्या बौद्ध लेण्यांनी याच रांगेतला घट्ट थर कोरण्यासाठी निवडला. नहरींनी त्याच डोंगराचा पाझरणारा थर निवडला. दोन्ही कामं करणाऱ्यांना दगड ओळखता येत होता.

इतिहास थोडक्यातच सांगते, कारण तो तुला कुठेही मिळेल. कान्हेरीच्या शिलालेखातलं राजतडाग म्हणजे हीच जागा, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर गावाच्या पहिल्या नावातच तळं आहे. पुढे इथे खडकी नावाचं गाव होतं. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं १६१० मध्ये तिथे राजधानीचं शहर वसवायला घेतलं. १६१२ चा भडकल दरवाजा त्याचाच. १६२६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या मुलानं, फतेहखानानं, शहराला फतेहनगर नाव दिलं. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेलं आणि १६५३ मध्ये सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा दख्खनेत आलेल्या औरंगजेबानं शहराचं नाव औरंगाबाद केलं. तटबंदी १६८२ ची, मराठ्यांच्या हल्ल्यांच्या धास्तीनं बांधलेली. चार मुख्य दरवाज्यांची नावं वाच: दिल्ली, जालना, पैठण, मक्का. ही चारही नावं दिशा सांगतात. मक्का दरवाज्याची वाट पश्चिमेला, बंदरांकडे आणि हजकडे जाणारी. मक्का, महमूद आणि बारापुल्ला या तिन्ही दरवाज्यांपुढे खामवर पूल आहेत, म्हणजे पश्चिमेची हद्द नदीनंच आखून दिली होती.

देवगिरीसारखा बेलाग किल्ला हाताशी असताना मलिक अंबरनं उघड्यावर शहर का वसवलं, हा प्रश्न तुमच्या अहवालात असायलाच हवा. किल्ला वेढा सोसतो, पण लाखभर माणसांना, त्यांच्या घोड्यांना आणि कारखान्यांना पाणी देत नाही. खडकीच्या वर मोठा पाझरता डोंगर होता आणि खाली सलग उतार होता.

आता मुख्य गोष्ट, नहर.

नहर-ए-अंबरी हर्सूलच्या वरच्या अंगाला, सावंगीच्या बाजूला सुरू होते. शहर वसवल्यानंतरच्या काही वर्षांतच ती बांधली गेली. तिला कालवा समजू नका. कालवा उघडा असतो आणि नदीचं पाणी वळवतो. नहर जमिनीखालून जाते आणि पाझराचं पाणी गोळा करते. तिचे तीन भाग वेगळे काढून शिका.

पहिला भाग गोळा करण्याचा. डोंगराच्या पायथ्याशी, नदी-नाल्याच्या पात्राजवळ, पाणी धरणाऱ्या थरात विहिरी आणि त्यांना जोडणारं भुयार. वरून पडलेला पाऊस मुरमातून गाळून हळूहळू या भुयारात उतरतो. म्हणून पाऊस थांबल्यावरही महिनोन् महिने पाणी येत राहतं आणि ते गढूळ नसतं.

दुसरा भाग वाहून नेण्याचा. बांधीव भुयार, अगदी मंद उतारावर. उतार जास्त झाला तर पाणी तळ खातं, कमी झाला तर गाळ बसतो. किलोमीटरला मीटरभर उतार म्हणजे हजारात एक. हे डोळ्यांना दिसत नाही, यंत्राशिवाय कळत नाही, आणि तेव्हाच्या कारागिरांनी ते साधलं. वाटेत ठरावीक अंतरावर वर उघडणारी मॅनहोल ठेवली. नहर-ए-अंबरीवर अशी १४० सांगतात. खोदताना माती बाहेर काढायला, हवा खेळती ठेवायला, आणि नंतर गाळ उपसायला माणूस आत उतरवायला ती लागायची. त्याच सुमारास, १६१५ मध्ये, बऱ्हाणपूरलाही सातपुड्याच्या पायथ्याशी अशीच भुयारी योजना झाली. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघ.

तिसरा भाग वाटपाचा, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. शहरात आल्यावर पाणी खापराच्या नळांत शिरतं. एकमेकांत बसवलेले भाजक्या मातीचे नळ, सांधे चुन्यानं भरलेले, सगळ्यांभोवती चुन्यातलं दगडी बांधकाम. आता ते बंद नळात आहे. म्हणजे खोलगट भाग आला की खाली जाऊन पलीकडे पुन्हा वर चढतं, फक्त मूळ पातळीपेक्षा थोडं कमी. यात जादू काही नाही. पण नळ खाली गेला की दाब वाढतो: दर दहा मीटर खोलीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या नळाच्या भिंतीला तो दाब लांबीच्या दर सेंटिमीटरला दोन्ही बाजूंनी साडेसात-साडेसात किलोनं फाडू बघतो. नुसतं खापर ते सोसणार नाही, म्हणून भोवती बांधकाम.

आणि म्हणूनच बंबे. जुन्या वस्त्यांत चौकोनी, वर निमुळते होत गेलेले विटा-दगडांचे मनोरे अजून कुठे कुठे उभे आहेत. लोक त्यांना जुनी पडकी खांडं समजतात. बंब्यात पाणी एका नळानं वर चढतं, माथ्यावरच्या छोट्या कुंडात उघड्यावर येतं आणि दुसऱ्या नळानं खाली उतरतं. या एका युक्तीनं चार कामं होतात. माथ्यावर पाण्याचा हवेशी संबंध आला की मागचा साठलेला दाब तिथे संपतो, पुढच्या नळावर नव्यानं सुरू होतो. नळात अडकलेली हवा निघून जाते. ती राहिली तर उंचवट्यावर बुडबुडा धरून प्रवाह अडवते. गाळ कुंडात बसतो. आणि कुंडातून दोन-तीन फाटे काढून कुठल्या मोहल्ल्याला किती पाणी हे तोंडाच्या उंचीनं आणि मापानं ठरवता येतं. रस्ता रुंद करताना असा बंबा पाडला की दुसऱ्या दिवशी तिथे पाणी उफाळतं, मग कुणीतरी सिमेंटचा बूच मारतो, आणि पुढची सगळी वस्ती कायमची कोरडी होते. नहरींचा मोठा नाश असा, एकेक बंबा पाडून झाला आहे. हे लिहिताना मला फार वाईट वाटतं, कारण नळ अजून बऱ्याच ठिकाणी जमिनीत शाबूत असतात.

एकट्या अंबरीवर शहर चाललं नाही. नंतरच्या काळात थत्ते नहर, पाणचक्कीची नहर अशा आणखी बऱ्याच नहरी निघाल्या. मोगल सरदारांनी आपापले पुरे वसवले, जयसिंगपुरा, जसवंतपुरा, कर्णपुरा, पद्मपुरा, तेव्हा प्रत्येकाला हौद लागला. बावन पुरे, बावन दरवाजे हा आकडा लोकांच्या तोंडी आहे, मोजत बसू नका. पुऱ्याच्या नकाशात हौद कुठे आहे ते शोधा. मशीद, बाजार आणि हवेली त्याच्याभोवती सापडतील.

पाणचक्कीला दुसऱ्या दिवशी सकाळ द्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचं ते आवार. तिथल्या नहरीचं आणि चक्कीचं काम १६९५ ते १७४४ या काळात टप्प्याटप्प्यानं झालं असं मानतात. सुमारे सहा किलोमीटरवरून, हर्सूलकडच्या विहिरीतून पाणी येतं, उंच भिंतीच्या माथ्यावर चढतं आणि तिथून हौदात पडतं. त्याच पाण्याच्या जोरावर पात्यांचं चाक फिरून वरची जाती दळायची. दर्ग्यात उतरणाऱ्या लोकांसाठी पीठ तिथेच व्हायचं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे, त्यामुळे ते दालन उन्हाळ्यात गार राहतं. चक्कीच्या ताकदीचा हिशोब स्वतः करा. सेकंदाला २० लिटर पाणी ६ मीटरवरून पडतं असं धरलं तर ०.०२ × ९.८१ × ६ म्हणजे सुमारे १.२ किलोवॅट. निम्मं वाया गेलं तरी जातं फिरायला पुरेसं. हा धरलेला आकडा आहे, खरा प्रवाह मोजूनच लिहायचा.

मोजायचा कसा? जिथे पाणी तोंडानं पडतं तिथे वीस लिटरची बादली आणि घड्याळ, पाच वेळा मोजून सरासरी. जिथे पाटात वाहतं तिथे नव्वद अंशांच्या खाचेची पत्र्याची फळी आडवी लावा, कडेनं चिकणमाती दाबा, आणि खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजा. उंची फळीला लागून घ्यायची नाही, तिथे पाणी वाकतं. हातभर मागे घ्यायची. दहा सेंटिमीटर आली तर प्रवाह सेकंदाला साधारण ४.४ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त वाढतो, म्हणून अर्ध्या सेंटिमीटरची चूकही महागात पडते.

पातळीचं काम तिसऱ्या दिवशी. फोनवरच्या उंचीवर विसंबू नका, ती दहा-दहा मीटरनं चुकते आणि इथे किलोमीटरला मीटरभराचा प्रश्न आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारी नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस मीटरच्या अंतरानं असतात. त्यावर दरी दिसते, नहर दिसत नाही. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, आणि चार मीटरची पट्टी घ्या. ठरलेल्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेपासून, निघा आणि त्याच बेंचमार्कवर परत या. चार किलोमीटरचा फेरा असेल तर चूक २४ मिलिमीटरच्या आत यायला हवी. जास्त आली तर फेरा पुन्हा. यंत्रापासून मागच्या आणि पुढच्या पट्टीचं अंतर सारखं ठेवा, म्हणजे यंत्राचा दोष आपोआप कटतो. पट्टी धरणाऱ्याला पट्टीवरच्या बुडबुड्याकडे बघायला सांग, कारण पट्टी कुठल्याही बाजूला कलली तरी वाचन जास्तच येतं. सकाळी दहानंतर काळ्या दगडावरून हवा थरथरायला लागते आणि आकडे नाचतात, तेव्हा थांबा आणि पुन्हा चारला सुरू करा. प्रत्येक बंब्याचा माथा, पाया आणि हौदाची कड, तीनही पातळ्या घ्या. माथ्यांच्या पातळ्या जोडल्यात की पाण्याची मूळ रेषा कागदावर उमटेल. एखादा बंबा त्या रेषेच्या वर निघाला, तर तो त्या नहरीचा नाही, दुसऱ्या नहरीचा आहे.

मॅनहोलमध्ये कुणीही उतरायचं नाही. आत प्राणवायू कमी असतो आणि सांडपाणी मिसळलं असेल तर विषारी वायू असतो. दिवा जळतो म्हणून हवा चांगली, हा जुना समज जीव घेतो. काठावर पालथं पडून काठीला बांधलेला टॉर्च आणि कॅमेरा सोडा, दोरीला टेप बांधून खोली घ्या, झालं. परवानगी आधी काढा: मकबरा पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, पाणचक्की वक्फ मंडळाकडे, रस्त्यातली मॅनहोल महापालिकेकडे.

पाण्याचे नमुने वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी घ्या. निर्जंतुक बाटली, बर्फाचा डबा, चोवीस तासांत प्रयोगशाळा. वरच्या नमुन्यात नायट्रेट कमी आणि खालच्यात एकदम जास्त आलं, तर मधल्या वस्तीतलं शोषखड्ड्याचं पाणी सांध्यांतून आत येतंय. हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळी पडली तर मैला मिसळल्याचा संशय पक्का धरा. नळ तुंबण्याची कारणं मुख्यतः चार: पिंपळ-वडाची मुळं सांध्यात शिरतात, कठीण पाण्यातला चुना आतून थर धरतो, खोदकामात नळ फुटतो, आणि डोंगराच्या पायथ्याशी झालेली बोअर भुयाराच्याच थरातलं पाणी ओढून घेतात. चौथं कारण फोटोत येत नाही, म्हणून अहवालात ते कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहा.

दुरुस्तीबद्दल एक गोष्ट ठाम सांगते. सिमेंट नको. जुनं बांधकाम चुना, वाळू आणि सुर्खीचं आहे. विटांची भुकटी म्हणजे सुर्खी मिसळली की चुना पाण्याखालीही घट्ट होतो आणि तरी थोडी हालचाल सोसतो. सिमेंटचा डाग कडक, त्याच्या कडेनं आधीच्या मऊ बांधकामाला नवी भेग जाते, आणि पाणी तिथून सुटतं. दोन पावसाळ्यांत गळती पहिल्यापेक्षा मोठी होते.

पुढचा काळ झपाट्यानं. १७६३ मध्ये आसफजाही निजामानं राजधानी हैदराबादला नेली आणि शहर रिकामं होत गेलं. एका अर्थानं नहरी त्यामुळेच वाचल्या, वरून बांधायलाच कुणी नव्हतं. १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद रेल्वे आली ती जुन्या शहराच्या दक्षिणेला, सपाटीवरून, आणि वस्ती त्या बाजूला ओढली जाऊ लागली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५८ मध्ये विद्यापीठ, मग चिकलठाणा, नंतर वाळूजच्या औद्योगिक वसाहती, सिडकोची नगरं. जनगणनेत १९९१ ला पावणेसहा लाख, २००१ ला पावणेनऊ लाखांच्या आसपास, २०११ ला पावणेबारा लाख. एवढ्या लोकांना डोंगराचा पाझर पुरणार नाही, हे मान्यच करायला हवं. नहरींची आरती ओवाळून शहराची तहान भागत नाही.

पण चढवलेल्या पाण्याची किंमतही लिही. जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. शहर ५६८ मीटरवर. निव्वळ उंचीच १०४ मीटर, आणि धरण खाली गेलं की त्याहून जास्त. हजार लिटर पाणी एवढं उचलायला, पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर, साधारण ०.४ युनिट वीज. पाइपातलं घर्षण वेगळं. वीज गेली की पंप थांबतो, पाइप रिकामा होतो, पुन्हा भरताना हवा अडकते आणि जुनी ७०० मिलिमीटरची लाइन कुठेतरी फुटते. मग जो वार ज्या वस्तीचा, तिचं पाणी पुढे ढकललं जातं. ज्या हवेची सोय बंब्यानं चारशे वर्षांपूर्वी केली होती, तीच हवा. आजच्या लाइनवर अडकलेली हवा सोडणारे एअर व्हॉल्व्ह असतात. ते चोरीला जातात किंवा चिकटून बसतात. पैठण रस्त्यानं जाल तेव्हा ते मोजत जा.

आणि नुसत्या नहरींच्या अहवालात छपरांचा एक पानभर हिशोब घाल. इथे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तो ७०,००० लिटर होतो. वीस टक्के वाया धरले तरी ५६,००० लिटर. बेगमपुऱ्यातल्या छपरांचं पाणी गाळून मुरवलं तर ते पुन्हा त्याच पाझरत्या थरात जाईल जिथून नहर पाणी घेते. सातारा-देवळाईकडच्या घट्ट पाषाणावर मात्र मुरवायचा खड्डा भरून तसाच राहील, तिथे टाकीच बांधावी लागेल. एकच उपाय दोन्ही बाजूंना लागू करायचा नाही, आधी शेजारच्या विहिरीचा थर बघायचा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात येताय ते बरं आहे, पाझर तेव्हा सगळ्यात कमी असतो. ऑक्टोबरमध्ये त्याच जागी, त्याच खाचेच्या फळीनं पुन्हा मोजायला दोघांनी तरी या. एका हंगामाच्या आकड्यावर नहर जिवंत की मेलेली हे ठरत नाही. फळीच्या जागी दगडावर तैलरंगाची खूण करू नका, फोटो आणि दोन पक्क्या वस्तूंपासूनचं अंतर लिहून ठेवा. पट्टी, लेव्हलचा तिपाया आणि दोन बादल्या घरी काढून ठेवते. टोप्या आणि पाणी तुमचं तुम्ही आणा.

तुझी,
आई